तिसरी हाक

गेल्या वर्षी पौषात, मंगळवारी, माझे वडील, अण्णा, राखणीला ज्वारीत गेले. तिथेच वारले. मायनं बांधावर भाकरी ठेवली होती. दिवस मावळताना भानुदास काकांनी त्यांना ज्वारीतून बाहेर आणलं. मी तेव्हा अंबाजोगाईला होते, कॉलेजच्या ग्रंथालयात, नोकरीवर.

यंदा ज्वारी पुन्हा निसवली आहे, कणसं बाहेर आली आहेत. घाटनांदूरच्या अलीकडे फाट्यावर जीपमधून उतरलं की आमच्या गावापर्यंत चालत जावं लागतं. एरवी त्या वाटेवरून लांबचा डोंगर दिसतो, टॉवर दिसतो, गावातलं देवळाचं शिखर दिसतं. या दिवसांत काही दिसत नाही. दोन्ही अंगांनी ज्वारी डोक्याच्या वर गेलेली असते आणि आपण तिच्या तळाशी चालत असतो. वारा नसला तरी पानं वाजतात. शेजारच्या खोलीत कुणीतरी सावकाश वर्तमानपत्र उलगडत बसावं, तसा तो आवाज असतो. कुठल्यातरी रानातून गोवऱ्यांचा आणि भाजत्या कणसांचा वास येतो, माणसं हसल्याचा आवाज येतो, पण ते रान कुठलं, हे कळत नाही.

उभ्या ज्वारीत माणूस दिसत नाही. म्हणून या दिवसांत आमच्याकडे माणसाला हाकेनं शोधतात. बांधावर उभं राहून हाक मारायची. आत जो असेल त्यानं ओ द्यायची. ओ ज्या दिशेनं आली तिकडे चालत जायचं.

पण पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, असंही आमच्याकडे सांगतात. भर दुपारी तर नाहीच. पहिली हाक कुणाची आहे हे सांगता येत नाही. आवाज ओळखीचा असला म्हणून माणूस ओळखीचा असेलच असं नाही. दुसऱ्या हाकेपर्यंतही थांबावं. जे माणूस नसतं ते तीनदा हाक मारत नाही. तिसरी हाक आली की बिनघोर ओ द्यावी.

लहानपणी हे सगळ्यांनाच सांगतात आणि मोठेपणी सगळेच विसरतात. अण्णा आणि मी विसरलो नाही. भीतीमुळे नव्हे. आम्हा दोघांना तो नियम सोयीचा होता. कुणी हाक मारली की ती आत जायची, आम्ही जिथं कुठं असू तिथपर्यंत पोचायची, मग तिथून उठून बाहेर यावं लागायचं. याला वेळ लागतो. बाकीची माणसं आपल्या तोंडाजवळच राहतात, त्यांना लगेच ओ देता येते. आमचं घर जरा आत होतं.

या सगळ्याचा त्रास मायला होता. आमच्या घरात बोलणारी ती एकटी. सकाळी चूल पेटायच्या आधी तिचं तोंड सुरू व्हायचं आणि अंथरुणावर पाठ टेकल्यावरही चालू असायचं. शेजारणीशी, म्हशीशी, पिठाशी, मोबाइलवरच्या कंपनीच्या मुलीशी, सगळ्यांशी ती सारख्याच जीवानं बोलायची. आम्हा दोघांना प्रत्येक गोष्टीसाठी तीन हाका माराव्या लागायच्या.

“माझी निम्मी जिंदगी तुमाला हाका मारण्यात गेली,” ती म्हणायची. “दगडाला मारल्या असत्या तर पाझर फुटला असता.”

त्यात आणखी एक घोळ होता. माय अण्णांचं नाव घेत नसे. तिच्या वयाच्या बायका घेत नाहीत. घरात ‘अहो’ चालायचं, पण रानात ‘अहो’ म्हणून ओरडलं तर चार शेतांतले चार नवरे माना वर करणार. म्हणून ती माझं नाव घेऊन त्यांना हाक मारायची. बांधावर उभी राहून “सुमेऽऽ” म्हणायची. मी ज्वारीत असले तर ती हाक माझी, नसले तर अण्णांची. दोघंही असलो की कुणाची, ते कुणालाच ठाऊक नाही. मला वाटायचं त्यांना बोलावतेय, त्यांना वाटायचं मला. दोघंही गप्प. मग तिसऱ्या हाकेला दोन बाजूंनी दोन ओ एकदम यायच्या आणि माय बांधावरून म्हणायची, “आले बघा, शब्दाचे कंजूष.”

आमच्याकडे न बोलणाऱ्याला घुमा म्हणतात. अण्णा घुमे आणि मी घुमी. अंगात आलेलं माणूस केस सोडून डोलायला लागलं की त्यालाही ‘घुमतंय’ म्हणतात. लहानपणी मला या शब्दाचं भय वाटायचं. गप्प बसलेल्याला आणि झपाटलेल्याला एकच शब्द का असावा? मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली असले की घरी आलेल्या बायका बोलता बोलता थांबून माझ्याकडे बघत राहायच्या. आत काही हलतंय का, हे बघत असाव्यात. एकीनं तर एकदा माझी हनुवटी वर करून डोळ्यांत डोळे घालून विचारलं होतं, “कोण गं हायस तू?” मी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, “सुमी.” बायका हसल्या, पण ती बाई हसली नाही. तिला वेगळं उत्तर हवं होतं.

पुढं मला बघायला पाहुणे यायचे. एकदा युसूफ वडगावचे आले होते. मुलाच्या मामानं मला विचारलं, “शिक्षण किती?” मी बोलायच्या आत मायनं सांगितलं. “स्वयंपाक येतो का?” मायनं सांगितलं. मग ते अण्णांकडे वळले, “ऊस किती हाय औंदा?” अण्णा विचार करत होते, तेवढ्यात मायनं तेही सांगितलं. मामा वैतागून म्हणाले, “पोरगी मुकी हाय का हो?”

“न्हाई,” माय म्हणाली, “बापाची हाय.”

ते पाहुणे पुन्हा आले नाहीत. पुढं कुणीच येईनासं झालं आणि मला ते बरं वाटलं. मायला वाटलं नाही.

खूप वर्षांनी कॉलेजात व्यक्तिमत्त्व विकासाची एक कार्यशाळा झाली. शहरातून आलेल्या बाईंनी आम्हा सगळ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि मला म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही अंतर्मुख आहात. इंट्रोव्हर्ट. हा दोष नाही, स्वभाव आहे. काही माणसांना चार लोकांत गेल्यावर तरतरी येते. काहींची शक्ती तिथं खर्च होते, मग ती एकटं राहून भरून काढावी लागते.” चाळिशीच्या तोंडावर मला माझं नाव कळलं. संध्याकाळी मी ते अण्णांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशीला पाणी दाखवता दाखवता म्हणाले, “बॅटरीवानी.”

मला आधी कळेना. मग कळलं, कालच्या गोष्टीची ओ आत्ता आली होती.

“व्हय,” मी म्हणाले.

“मंग आपली चार्जिंग ज्वारीत,” अण्णा म्हणाले आणि स्वतःशीच हसले. त्या महिन्यातलं आमचं ते सगळ्यात मोठं बोलणं असावं.

माणसांचा कंटाळा येतो म्हणून अशी माणसं एकटी राहतात, असं लोकांना वाटतं. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण येळवस आहे. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्या भागात येळवस असते. सगळं गाव रानात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून तिच्यात पांडव म्हणून पाच दगड मांडतात, भज्जी, आंबिल, बाजरीचे उंडे, सगळं रानातच जेवतात. त्या दिवशी गावात माणूस उरत नाही. मी सहा-सात वर्षांची असेन. जेवणं उरकली, भानुदास काकांच्या गप्पा रंगल्या आणि अण्णा उठले. म्हशीला पाणी पाजून येतो, म्हणाले. मी मागं लागले.

गावात शिरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. घराघराला कुलपं. दारातल्या रांगोळ्या पुसट झालेल्या. कुठं भांडं वाजत नव्हतं, कुणी खोकत नव्हतं, कुत्रीसुद्धा माणसांमागं रानात गेलेली. आमच्याच पायांचा आवाज समोरच्या भिंतीवरून परत यायचा आणि मला वाटायचं आणखी कुणीतरी चालतंय. मी अण्णांचं बोट घट्ट धरलं. ते मारुतीच्या पाराशी थांबले. त्या पारावर रोज संध्याकाळी गावातले बापे बसतात. अण्णा तिथं कधी बसत नसत, खाली मान घालून पुढं जात. त्या दिवशी ते पारावर चढले. मधोमध, मांडी घालून बसले. मला शेजारी घेतलं. आणि बोलायला लागले.

“हितं भानुदास बसतो. त्याला भिताड लागतं पाठीला. हितं मास्तर. ते चप्पल मांडीखाली घेतेत, चोरीला जाईल म्हणून. हितला दगड गुळगुळीत झालाय बघ, हा म्हाद्याचा. मरून लई वर्सं झाली, पर हितं अजून कुणी बसत न्हाई.”

असं ते एकेक जागा दाखवत राहिले. तिथं कुणी नव्हतं. रिकाम्या दगडांवर एकेक माणूस बसत गेला आणि मला तो दिसायला लागला, मेलेला म्हाद्याही. मी भ्यायले होते आणि मला तिथून उठावंसंही वाटत नव्हतं. शेवटी अण्णा म्हणाले, “कसं निवांत हाय. सगळी हायेत अन् गोंधळ न्हाई.” मग आम्ही म्हशीला पाणी पाजून परत रानात गेलो आणि ते पुन्हा गप्प झाले.

त्या दिवशी मी जे पाहिलं ते मला कार्यशाळेतल्या बाईंना सांगता आलं नाही. अण्णांना माणसं हवी होती. सगळी, जागेसकट आणि चपलेसकट. फक्त ती आत हवी होती. बाहेर त्यांचा फार आवाज व्हायचा.

अशा माणसाला राखणीचं काम मिळावं, यात मजा होती, कारण राखण म्हणजे ओरडणं. दाणा चिकात आला की राघू, चिमण्या, साळुंख्या थव्यानं उतरतात. मचाणावर उभं राहून दिवसभर हाकारे घालावे लागतात. अण्णांनी हाकाऱ्यांऐवजी गोफण चालवली. गोफणीचा आसूड हवेत कडाडायचा, खडा सणसणत जायचा, थवा उठायचा, आणि तोंडातून शब्द काढावा लागायचा नाही. गेल्या वर्षी खांदा धरला. गोफण फिरेना. तेव्हा त्यांनी अंबाजोगाईहून भोंगा आणला.

हल्ली सगळ्या रानांत हे भोंगे असतात. डब्याएवढा कर्णा, खाली चार्जिंगची बॅटरी, एक बटण दाबून आपला आवाज भरायचा. मग तो तोच आवाज दिवसभर ओरडत राहतो आणि माणूस बांधावर झोपतो. ज्यानं त्यानं आपापल्या स्वभावाप्रमाणं आवाज भरलेला असतो. भानुदास काकांचा भोंगा शिव्या देतो. “उठ! उठ बे! तुझ्या बापाचं हाय का!” असं तो सकाळपासून ओरडतो आणि वाटेनं जाणारा नवखा माणूस दचकून बाजूला होतो.

अण्णा आवाज भरायला एकटेच ज्वारीत गेले. आम्हाला लांब थांबवलं. बऱ्याच वेळानं आले आणि भोंगा मचाणाला बांधला. त्यातून आधी “हाऽऽ… हाऽऽ… हुर्रऽऽ” असा हाकारा आला. मी चमकलेच. तो आवाज मोठा होता, उघडा होता, मी तो कधी ऐकला नव्हता. आमच्या घरात इतकी वर्षं तो कुठं राहत होता कोण जाणे. हाकाऱ्यानंतर जरा शांतता, आणि मग त्यांच्या रोजच्या खालच्या आवाजात दोन शब्द आले, “झालं का?”

बटण कधी सोडायचं ते त्यांना समजलं नव्हतं. त्यांनी यंत्रालाच विचारलं होतं आणि यंत्रानं तेही धरून ठेवलं. पुन्हा भरा, असं मी म्हणाले. अण्णांनी मान हलवली. पुन्हा एवढं ओरडणं त्यांच्याच्यानं होणार नव्हतं.

“बायकोशी बोलाया तोंड न्हाई,” माय म्हणाली, “अन् पाखरांसाठी कर्णा आणलाय.” पण तिला गंमत वाटत होती. भोंग्यातून “झालं का?” आलं की ती बांधावरूनच उत्तर द्यायची, “झालं, झालं, या आता जेवाया.”

त्या मंगळवारी काय झालं ते मायनं एकदाच सांगितलं. तिसऱ्या दिवशी, राख सावडून आल्यावर, भिंतीला टेकून बसून.

“मी बांधावर गेलते. हाक दिली, सुमेऽ. ओ न्हाई. दुसरी दिली. तर आतून हाऽऽ हुर्र झालं. अन् म्हनले, झालं का. मला राग आला. मी म्हनलं, माझं झालं, तुमचं चालू द्या. भाकरी ठिवली अन् आले. तिसरी हाक दिलीच न्हाई मी.”

“ते भोंग्यातलं असंल, माय.”

“असंल की. मला काय म्हाईत? आवाज त्यांचाच व्हता.”

डॉक्टर म्हणाले होते की सगळं एका क्षणात झालं असणार, आणि सकाळीच. तिनं शंभर हाका मारल्या असत्या तरी उपयोग नव्हता. मी ते मायला पुन्हा पुन्हा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. तिला वैद्यकातलं काही विचारायचं नव्हतं. तिसरी हाक द्यायची राहिली होती, एवढंच ती म्हणत होती.

अण्णांना आणलं त्या गडबडीत भोंगा बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना अंगणात आंघोळ घातली. बायका गळ्यात पडून रडत होत्या. मला रडता येत नव्हतं आणि ते सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. “बघा, बापासाठी टिपूस न्हाई,” असं कुणीतरी म्हणालंही. तेवढ्यात वारं फिरलं आणि रानाकडून आवाज आला. हाऽऽ. हाऽऽ. हुर्रऽऽ. रडणं थांबलं. बापे हातातलं काम टाकून उभे राहिले. तिरडीवर अण्णा होते आणि रानात अण्णा ओरडत होते. मग तो खालचा आवाज एवढ्या लांबून खरंच ऐकू आला, की आम्हाला पाठ होता म्हणून नुसतं तसं वाटलं, हे मी अजून सांगू शकत नाही. झालं का?

दुपारपर्यंत आवाज बारीक होत गेला आणि बॅटरी उतरली.

त्यानंतर माय बोलायची थांबली. एकदम नाही. आधी म्हशीशी बोलणं गेलं, मग शेजारणींशी. मला हाक मारणं गेलं. स्वयंपाक झाला की ताट वाढून ठेवायची आणि मी आपण होऊन उठायची वाट बघायची. आमच्या घरात इतकी वर्षं जो आवाज मला नको होता, तो गेल्यावर मला आढ्यातली पाल ऐकू यायला लागली. एकटं राहायला कुणीतरी शेजारच्या खोलीत बोलत असावं लागतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

ज्वारी यंदाही पेरली. कणसं बाहेर पडली तशी एका सकाळी मायनं माळ्यावरून भोंगा काढला, पुसला, देव्हाऱ्याशेजारच्या बोर्डाला चार्जिंगला लावला आणि दुसऱ्या दिवशी रानात नेऊन मचाणाला बांधला. मी संध्याकाळी फाट्यावर उतरले, वाटेला लागले आणि ज्वारीच्या तळाशी मला अण्णांचा आवाज ऐकू आला. मी तिथंच उभी राहिले. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठंच नाही. फोनवर ते फक्त ‘हं’ म्हणायचे. मी रोज वाटेत थांबून ऐकायला लागले.

माय दिवसभर बांधावर, बोरीखाली बसायची. दोनदा हाक मारायची, “सुमेऽ… सुमेऽ…” आणि थांबायची. भोंगा त्याच्या वेळेला ओरडायचा. “झालं का?” आलं की माय म्हणायची, “न्हाई अजून.” घरात तिच्या तोंडून जेवढे शब्द निघत, त्याहून जास्त ती तिथं खर्च करत होती. एका रजेच्या दिवशी मी वाटेवरून ते ऐकलं. हाक माझ्या नावाची होती. मी हाकेच्या टप्प्यात होते. आणि ती मला मारलेली नव्हती.

तिसरी हाक ती देत नव्हती. दिली आणि ओ आली नाही तर? हे भय मला समजत होतं. दिली आणि आली तर? हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

भानुदास काका एका सकाळी दारात येऊन उभे राहिले. “सुमे, लोक म्हणतेत तुमच्या रानात तुझा बाप राखण करतोय. राघूबी उतरंना झालेत. सगळे माझ्याकडं येतेत, अन् माझ्या शिव्यांना भेत न्हाईत.” असं हसत म्हणाले आणि मग हसू पुसून हळू आवाजात, “वहिनीचं लक्षण बरं न्हाई पोरी. ती तिकडंच चालली हाय. ते बंद कर. मी करायला गेलतो तर ढेकूळ घेऊन अंगावर आली.”

“मला कशाला सांगता काका?”

“मंग कुणाला सांगू? घरात हाय कोण दुसरं?”

रविवारी माय भाकरी थापत होती तेव्हा मी पुढं गेले. मचाणावर चढले. अण्णा माझ्या कानाशी ओरडत होते. मी त्यांना एकदा पूर्ण ऐकलं. हाकारा संपला, दोन शब्द आले, आणि मी बटण दाबून बॅटरी काढून घेतली.

शांतता झाली म्हणजे नेमकं काय झालं ते सांगता येत नाही. पानं वाजायची थांबली, असं वाटलं. मग वरून सावली सरकली आणि राघूंचा थवा ज्वारीत उतरला. कुणी ओरडणारं नाही हे त्यांना एवढ्या लवकर कसं कळलं? कणसांवर चोची चालल्याचा बारीक कटकट आवाज चारी बाजूंनी यायला लागला. मी खाली उतरून ज्वारीत शिरले. टाळ्या वाजवल्या. दोन उडाले, पुन्हा बसले. गोफण मला येत नाही. ओरडायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही. तिथं माणूस नव्हतं, ऐकणारं कुणी नव्हतं, तरी निघाला नाही. दाणे जात होते. मी डोळे मिटले.

“हाऽऽ… हुर्रऽऽ”

थवा एकदम उठला. मी स्वतःच दचकले, कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता. मोठा, उघडा. तो अण्णांच्या गळ्यातून आत्ता माझ्या गळ्यात आला होता की आधीपासून तिथंच होता, हे मला समजेना. मी आणखी दोनदा ओरडले. मग लक्षात आलं की बांधावर पाऊल वाजलंय.

“सुमेऽ.”

मी गप्प राहिले. ठरवून नाही. जन्माची सवय.

“सुमेऽ.”

मग काही नाही. मला ती दिसत नव्हती, तिला मी दिसत नव्हते. भोंग्याच्या ओरडण्याची वेळ आली आणि भोंगा ओरडला नाही. ती वेळ तशीच निघून गेली. बांधावर काय चाललं असेल, हे मला ज्वारीच्या आतून कळत होतं. ती परत जाईल, असं मला वाटलं. ती परत गेली असती तर मी काय केलं असतं, माहीत नाही.

“सुमेऽऽ!”

एका वर्षात ती पहिल्यांदा तिसरी हाक देत होती. हाक मध्येच फाटली. ती माझी नव्हती, हे मला ठाऊक होतं. नाव माझं होतं, आणि ज्वारीत मीच होते.

“ओ,” मी म्हणाले.

बांधावर भांडं पडल्याचा आवाज झाला.

“कोण?” माय म्हणाली. “कोण हाय आत?”

“मी हाय माय. सुमी.”

“आन् मघाशी कोण ओरडलं?”

“मीच.”

“भोंगा?”

“मी बंद केलाय.”

मी पानं बाजूला सारत तिच्या दिशेनं चालू लागले. ज्वारीत चालताना पानांच्या कडा तोंडाला लागतात, बारीक चिरतात. मी बांधावर आले तेव्हा ती खाली बसली होती. कालवणाचं भांडं उपडं झालं होतं, फडक्यातल्या भाकरी तिनं उराशी धरल्या होत्या. माझ्याकडे बघून तिनं विचारलं, “ते न्हाईत नव्हं तिथं?”

“न्हाईत,” मी म्हणाले.

हे वर्षभरात तिला कुणी सांगितलं नव्हतं. देवाघरी गेले, सुटले, सोनं झालं, असं सगळे म्हणाले होते. मी तर काहीच म्हणाले नव्हते. तिनं मान हलवली, एकदा, दोनदा. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि माझ्याही. आवाज दोघींनीही केला नाही.

“मंग आधीच ओ द्यायला काय झालतं?” ती पदरानं तोंड पुसत म्हणाली. “घसा फाटला माझा.”

आम्ही कोरडी भाकरी ठेच्याबरोबर खाल्ली. राघू पुन्हा आले तेव्हा मी उठून ओरडले. तिनं वर पाहिलं नाही.

मला वाटलं होतं, आता माय पूर्वीसारखी बोलायला लागेल. तसं झालं नाही. ती बांधावर जाऊन बसत नाही, हाका मारत नाही, कशाची वाट बघत नाही. विचारलं तेवढं सांगते. जेवते, झोपते. म्हशीची धार काढते. मी संध्याकाळी घरी आले की तिला दिवसभराचं सांगते. जीपमध्ये कोण भांडलं, कुठल्या पोरानं पुस्तक भिजवून आणलं, काका काय म्हणाले. सांगताना दमायला होतं. मध्ये शब्द संपतात, मग मी म्हशीबद्दल बोलते. ती ऐकते. कधी खूप वेळानं, कधी दुसऱ्या दिवशी, एखाद्या गोष्टीला ‘हं’ म्हणते.

घरात आता आम्ही दोघी आहोत. बोलणारी मी आहे.